उजवा कौल आणि ओपन इलेक्टिव्ह

इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी करतो असं सांगितलं की समोरचा माणूस मला 'सर' म्हणतो आणि कुठला विषय शिकवता ते विचारतो. मी काहीच शिकवत नाही. कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधे, हायवेपासून थोडं आत एक कॉलेज आहे. त्याच्या विद्यार्थी विभागात मी बसतो. समोर काच, काचेखाली हात जाईल एवढी फट. त्या फटीतून गेली वीसेक वर्षं मी पोरांना सांगत आलो आहे, की इंजिनिअर व्हायला तुझं अजून काय कमी पडतंय. मी स्वतः बी.कॉम. आहे, तेही नोकरी सांभाळून बाहेरून केलेलं.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा वाटलं की विक्षिप्त विद्यार्थ्यांचे किस्से द्यावेत. किस्से भरपूर आहेत. पण लिहायला बसलो की एकच विद्यार्थिनी समोर येते आणि ती माझी बायको आहे. तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो. मी तिला आधी विचारलं. "खरा काय ता लिवा, नायतर लिवू नकात," म्हणाली. खरं हे, की तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेतली त्या तीन वर्षांत मी तिच्यावर जळत होतो.

आधी कामाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पदवी म्हणजे चार वर्षांच्या सगळ्या परीक्षा पास होणं, असं लोकांना वाटतं. तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. आठवड्याला तो विषय किती तास शिकवतात यावरून ते साधारण ठरतात. चार वर्षांची एकूण बेरीज विद्यापीठ ठरवून देतं, पण नुसती बेरीजही पुरत नाही. गणित-विज्ञानाचे इतके, शाखेच्या मुख्य विषयांचे इतके, शाखेतल्याच निवडीच्या विषयांचे इतके, दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयांचे, म्हणजे ओपन इलेक्टिव्हचे, इतके. प्रोजेक्टचे वेगळे, इंटर्नशिपचे वेगळे. एका ठिकाणी जास्त झाले म्हणून दुसरीकडचे कमी भरून निघत नाहीत. मी हे कित्येक वर्षं 'रकाने आणि उपरकाने' असं समजावत होतो आणि पोरं जांभया देत होती. बायको आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आली आणि तिने वर्गात सांगितलं, "मसाल्यात मिरची डबल घातलंस म्हणान धण्याची कमी भरून येता काय?" आता विभागप्रमुखसुद्धा पहिल्या दिवशीच्या भाषणात मसाला सांगतात. माझे रकाने कुणाच्या लक्षात नाहीत.

त्याशिवाय काही विषय शून्य क्रेडिटचे असतात. पास होणं सक्तीचं, पण बेरजेत धरायचे नाहीत. यावरून एकदा मालवणकडचे एक गृहस्थ माझ्याशी बरंच बोलून गेले. बोटीच्या इंजिन रूममध्ये सगळं आयुष्य काढलेला माणूस. मुलाची डिग्री का अडली ते विचारायला आले होते.

"क्रेडिट पुरे आसत?" त्यांनी विचारलं.

"पुरे आहेत."

"मगे काय कमी?"

"एक विषय राहिलाय. शून्य क्रेडिटचा."

"शून्य कमी आसा म्हणजे काय्येक कमी नाय."

"बेरजेत कमी नाही. पण तो विषय पास व्हायला लागतो."

त्यांनी फटीशी वाकून माझं तोंड नीट बघून घेतलं. "लाइफजॅकेट मालाच्या वजनात धरणत नाय, पण ती नसली तर बोट सोडणत नाय. तसा सरळ सांगा ना. शून्य शून्य काय लावलंत?"

हे उदाहरणही माझं नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. चांगली उदाहरणं नेहमी काचेच्या पलीकडून येतात.

आणखी एक जण आठवतो. दाढी पिकायला लागलेला, पुण्याहून स्वतःची मोठी गाडी घेऊन आलेला. एक केटी राहिली होती. राहिलेल्या विषयाला आमच्याकडे केटी म्हणतात. तशीच ठेवून तो नोकरीला लागला आणि चढत चढत मोठ्या हुद्द्यावर गेला. आता कंपनी परदेशी पाठवणार होती आणि डिग्री मागत होती. त्याचा विषय शिकवणं केव्हाच बंद झालेलं. मी नव्या अभ्यासक्रमातला त्याच्या बरोबरीचा विषय शोधून त्याला परीक्षेला बसवला. शेजारच्या बाकावरची मुलगी त्याला वर्गावर देखरेख करणारे सर समजून दोनदा पुरवणी मागून बसली. पास झाल्यावर तो माझ्यासाठी पेढे घेऊन आला, गाडीत बसला आणि गेला. मला त्याचा हेवा वाटला नाही. काचेपुढच्या तरुण पोरांचाही कधी वाटला नाही. हेवा वाटायला माणूस आपल्या मापाचा लागतो, आपल्या ताटाशेजारी ताट घेऊन बसणारा.

माझी बायको शुभांगी. लग्नाआधी तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. कुडाळात तिने बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. पोरांच्या हातात मोबाइल आले तसा क्लास ओस पडत गेला आणि शेवटी बंद केला. मुलगी तोवर पुण्याला नोकरीला लागली होती. त्याच सुमारास सावंतवाडीकडच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता. तिथल्या बाईंनी सांगितलं, तुमची शिकवण्याची पद्धत आम्हाला माहीत आहे, पण डिप्लोमा चालत नाही, डिग्री घेऊन या, तीन वर्षांनी आणखी एक जागा निघणार आहे. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वयाची अट नाही. ही माहिती तिला मीच दिली. जेवता जेवता सहज दिली होती.

"मगे मी घेतंय अ‍ॅडमिशन," ती म्हणाली आणि सोलकढी ओतायला लागली.

प्रवेश आमच्याच कॉलेजात मिळाला, कारण घरापासून दुसरं जवळ नाही. त्याच दिवशी मी प्राचार्यांना लेखी दिलं, की माझी पत्नी विद्यार्थिनी झाली आहे, तरी तिची फाइल माझ्याकडे नसावी. फाइल शेजारच्या टेबलावर पेडणेकरांकडे गेली. हे मी केलं ते बरोबरच केलं, आजही तसंच करीन. पण त्याचा परिणाम काय होईल हे लक्षात आलं नव्हतं. कॉलेजातल्या कुठल्याही पोराचं काय राहिलंय ते मी फाइल न उघडता सांगू शकत होतो. एकटी माझी बायको अशी होती, की तिचं मला काहीच माहीत नव्हतं.

आणि पेडणेकरांना सगळं माहीत होतं. पेडणेकर माझ्यापेक्षा वयाने लहान, हसतमुख. कुणालाही 'नाही' म्हणून सांगत नाहीत. मी 'नाही' म्हणतो, कारण बहुतेक वेळा उत्तर तेच असतं. शुभांगी मधल्या सुट्टीत त्यांच्या फटीशी यायची. मी शेजारी दोन हातांवर बसलेला. ती माझ्याकडे बघायची नाही. माझं लेखी पत्र तिने माझ्याहून जास्त पाळलं. पेडणेकर काहीतरी बोलायचे आणि दोघं हसायची. संध्याकाळी स्कूटरवर मी विचारायचो, कसलं हसत होता? ती म्हणायची, "कॉलेजातला कॉलेजात. घराक ऑफिस हाडू नकात."

तिचा प्रोजेक्टचा गटही घरी यायचा. ओमकार आणि तन्वी, आमच्या मुलीहून लहान. जत्रांत दशावतारी नाटकं करणाऱ्या मंडळांसाठी ती तिघं जत्रांच्या तारखा सांभाळणारं ॲप करत होती. जत्रेची तारीख तिथीवर असते, दरवर्षी सरकते, मग एकाच दिवशी दोन गावांना शब्द दिला जातो आणि भांडणं होतात. ती टाळायची होती. तिथ्यांचा हिशेब मला येतो. आमच्याकडे पंचांग वडिलांच्या वेळेपासून मीच बघतो. मी खुर्ची ओढून जरा जवळ बसलो.

"काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका," ओमकार म्हणाला. "ताईंनी सगळं लॉजिक लिवलंनी."

"अधिक महिन्याचं काय केलंत?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तन्वीने मान खाली घालून हसू दाबलं. "ताई कालच म्हणाली होती," ती म्हणाली, "की काका अधिक महिन्याचं विचारणार."

"आणि मी तो घातलंय," शुभांगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "तुमी घावने बघा, जळतत थय."

घावने जळत नव्हते. पण मी आत गेलो. कॉलेजात हीच पोरं मला फटीतून 'सर, सर' करत असतात आणि माझ्याच घरात मी तव्याशी उभा. तिने मला एवढं ओळखून ठेवलं होतं, याचा खरंतर आनंद व्हायला हवा होता. मला वाटत होतं ते एवढंच, की त्या टेबलाशी चौथी खुर्ची माझी असायला हवी होती.

असं दोन वर्षं चाललं. ती पास होत गेली. मग सातवं सत्र सुरू झालं आणि ओपन इलेक्टिव्ह निवडायची वेळ आली.

तिचं माहेर इन्सुलीच्या पुढे आतल्या गावात आहे. त्या घरात कुठलंही काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. विहीर कुठे खणायची, मुंबईची नोकरी सोडायची की नाही, सगळ्याला कौल. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचं उत्तर समजतात. सुट्टीला माहेरी गेली असताना शुभांगीने ओपन इलेक्टिव्हचा कौल लावला. उजवीकडे 'सायबर सुरक्षा आणि कायदे', डावीकडे 'आपत्ती व्यवस्थापन'. उजवी पाकळी पडली. तिने मोबाइलवरून विषय भरून टाकला आणि मला आल्यावर जेवताना सांगितलं.

मला आधी वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वीसेक वर्षं मी पोरांना सांगत आलो, कुठला विषय घे म्हणजे पुढे अडणार नाही. माझ्या घरातल्या बाईने ते पाषाणाला विचारलं. माणसांवर तर मी जळतच होतो, त्या दिवशी देवावर जळलो.

मग घास हातात असतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. 'सायबर सुरक्षा' हा ओपन इलेक्टिव्ह कॉम्प्युटर विभागानेच दिलेला होता, इतर शाखांच्या मुलांसाठी. यादी सगळ्या कॉलेजला एकच लागते. पण ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने तो घेतला तर मार्क मिळतील, क्रेडिट दिसतील, बेरीजही होईल, पण ओपन इलेक्टिव्हची जागा रिकामीच राहील. हे कळतं शेवटच्या सत्रानंतर, पदवीसाठी सगळ्या फाइली तपासतात तेव्हा. मग दुसऱ्या शाखेचा विषय नव्याने घ्यायचा, म्हणजे आणखी सहा महिने. तंत्रनिकेतनातली जागा तेवढं थांबणार नव्हती.

"तो विषय चलणा नाय," मी म्हणालो.

"कित्याक?"

मी सांगितलं. सुरमईचा काटा बाजूला काढत तिने सगळं ऐकून घेतलं.

"कॉम्प्युटरान घेतला मा."

"कॉम्प्युटर काय वाट्टेल ता घेता. अडवूचा काम मागसून आमी करतो."

"देवान उजवो दिलो."

"देवाक तू अभ्यासक्रम दाखवलंस काय?"

हे बोलायला नको होतं. ती ताट घेऊन उठली. भांडी घासताना म्हणाली, की पेडणेकरांना विचारते. दुसऱ्या दिवशी विचारलं. पेडणेकर म्हणाले, डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांना बऱ्याच गोष्टींतून सूट असते, ह्याच्यातूनही असावी, बघूया. त्यांना सूट असते ती पहिल्या वर्षाच्या विषयांतून. इलेक्टिव्हचा तिच्याशी काही संबंध नाही. हे मी शेजारी बसून ऐकत होतो आणि बोलू शकत नव्हतो, कारण तसं लिहून दिलेलं होतं. विषय बदलायची मुदत पुढच्या मंगळवारी संपणार होती.

घरी मी नियमाचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. "ह्यात डायरेक्टवाल्यांचा काय लिवलेला नाय," म्हणाली.

"लिवलेला नाय म्हणजेच तेंका पण लागू."

"ता तुमी म्हणतास. पेडणेकर म्हणतत सूट आसा." मग कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाली, "तुमका बरा वाटाक नाय मी इंजिनिअर होतंय ता. पयल्या दिवसापासून बघतंय मी. आता शेवटाक इलंय म्हणान तुमका नियम आठवलो."

तिने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली खरी होती. नियमही खरा होता. पण माझ्या तोंडून निघाला की त्याला माझ्या हेव्याचा वास येत होता, आणि तो तिलाच येत होता असं नाही. मलाही यायला लागला होता. रात्री पडल्या पडल्या मी तो नियम मनात पुन्हा वाचायचो आणि स्वतःला विचारायचो, ओमकारने हा विषय घेतला असता तर एवढ्या खात्रीने सांगितलं असतंस का? सांगितलं असतं. तरी पुन्हा विचारायचो.

विभागप्रमुखांच्या केबिनपर्यंत मी एकदा गेलो आणि परत फिरलो. आत जाऊन काय सांगणार होतो? माझ्या बायकोने भरलेला विषय रद्द करा, असं? दुसऱ्या दिवशी कॉलेजभर झालं असतं.

मुदतीच्या आदल्या रविवारी मी तिला म्हणालो, "चल, परत देवाक इचारूया."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, कारण मी तिच्या माहेरच्या देवळात जत्रेशिवाय कधी गेलो नव्हतो. पण आली. स्कूटरवरून सावंतवाडी, मग इन्सुलीचा तपासणी नाका, तिथून आत. शेतांत लावणी झालेली होती आणि बांधावर माणसं बसली होती. तिच्या ओळखीची दोन-तीन निघाली, ती हात करत राहिली.

गुरवकाका देवळाच्या पायरीवर विडी ओढत होते. शुभांगीला त्यांनी लहानपणापासून बघितलेलं.

"परत कित्याक गो?" ते म्हणाले. "आत्ताच लावलंस मा?"

"ह्यांका पटाक नाय."

"देवाचा?"

"देवाचा पटला," मी म्हणालो. "पण तो विषय डिग्रीक चलणा नाय."

काकांनी विडी विझवली आणि तिला विचारलं, "तू तेव्हा इचारलंस काय?"

"खयचो विषय घेतल्यार मी पास होतलंय."

"मगे बरोबर आसा. पास होतलंस. तो डिग्रीक चलतलो काय, ता खंय इचारलंस? देव इचारल्याचाच सांगता."

मी खिडकीत बसून हेच करतो. विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर देतो. त्यावर लोक मला खडूस म्हणतात. हे गुरवकाका म्हणाले आणि माझ्या बायकोने हात जोडले.

"मगे आता ता इचारा, काका," ती म्हणाली.

"एका कामाक दोनदा नाय इचारूचा. वरस जावक व्हया."

"वरस खंयचा? परवा मुदत सपता."

"आणि तुजो घोव थयच बसता मा कॉलेजात? तेका इचार. देवाक कित्याक तरास?"

शुभांगीने माझ्याकडे बघितलं नाही. काकांकडेच बघत शांतपणे म्हणाली, "तेंका कसा इचारू? ते माझ्यार जळतत."

काका माझ्याकडे वळले. राग नव्हता, नुसती चौकशी होती. "खरा काय, पावण्यानू?"

गाभाऱ्यात समई होती. देव समोर होता. मी देवभोळा नाही, पण त्या जागी खोटं बोलायचं धाडस मला झालं नाही. खोटं बोलून काही साधणारही नव्हतं.

"खरा आसा," मी म्हणालो. "जळतंय."

"कित्यार?" हे शुभांगीने विचारलं.

मी सांगायला लागलो आणि सांगत गेलो. ओमकार आणि तन्वी, अधिक महिना, मसाल्याचं उदाहरण, पेडणेकरांच्या फटीशी चाललेलं हसणं, तिची फाइल. सकाळी माझ्या आधी तिचं आटपायचं ते. मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं आणि ती शेचाळिसाव्या वर्षी करून मोकळी होणार होती, हेही सांगितलं. काका पायरीवर बसून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी काडीने कान कोरला.

"आणि विषय?" ती म्हणाली.

"विषय चलणा नाय. मी जळलंय तरी चलणा नाय, नाय जळलंय तरी चलणा नाय."

काका हसले. "शुभे, माझ्या आंब्याच्या कलमाक औंदा मोहोर किती इलो ता माका ठावक नव्हता. माझ्यार जळता त्या शेजाऱ्याक ठावक होता. रोज येवन बघून जाय. तेका इचारून मी व्यापाऱ्याक सांगलंय." मग उठून आत गेले आणि देवासमोरचा अंगारा आणून दोघांना लावला. त्याचे त्यांनी काही घेतले नाहीत.

परत येताना सावंतवाडीला तळ्याकाठी स्कूटर थांबवायला लावली तिने. भजी घेतली. भजी खाऊन झाल्यावर म्हणाली, "देवळात तुमी 'नाय' म्हटला असतास, तर तुमचा काय्येक खरा वाटला नसता. विषयाचापण." एवढंच म्हणाली. माफी तिने मागितली नाही, मीही नाही.

सोमवारी तिने विषय बदलून 'आपत्ती व्यवस्थापन' घेतला. अर्ज पेडणेकरांकडेच दिला. पेडणेकर म्हणाले, "कशाला वैनी, बघितलं असतं." ती म्हणाली, "ह्यांनी बघितलंय." शेजारी बसून मी ते ऐकलं. त्या दिवशी एका पोराला मी न विचारलेलंही बरंच सांगितलं. तो घाबरून 'थँक्यू सर' म्हणत पळाला.

त्या विषयात तिला सगळ्या पदवीतले सर्वांत कमी मार्क पडले. पूर, वादळ, दरडी यांच्या व्याख्या तिला पाठ होईनात. "देवाच्या विषयात बरे पडले असते," हे मला पुढचं सत्रभर ऐकावं लागलं. ते खोटं नसावं. पुढे फाइली तपासताना कॉम्प्युटर शाखेचे दोन विद्यार्थी त्याच 'सायबर सुरक्षा'वर अडकले. एक डायरेक्टवाला होता. त्याचा प्रश्न घेऊन पेडणेकर माझ्या टेबलाशी आले तेव्हा शुभांगीची फाइल पुढे सरकली होती, आणि तेवढ्या एका दिवसापुरता मी कुणाचाही हेवा केला नाही.

जागा निघाली तेव्हा तिच्याकडे निकाल होता. तिला नोकरी लागली. आता ती सकाळी माझ्या आधी बाहेर पडते आणि तिथली पोरं तिला 'मॅडम' म्हणतात. हे कसं वाटतं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.

पदवीची प्रमाणपत्रं विद्यापीठाकडून नंतर येतात. ज्या दिवशी ती वाटतात त्या दिवशी आमच्या विभागाची टेबलं व्हरांड्यात लावतात. कॉम्प्युटर शाखेचा गठ्ठा त्या वर्षी पेडणेकरांच्या टेबलावर होता. शुभांगी रांगेतून आली. समारंभाचा काळा झगा तिला खांद्यात मोठा होत होता. तिचा नंबर आला तशी पेडणेकरांना चहाची आठवण झाली. "जरा बसा हां," असं मला म्हणून ते उठून गेले. पदवीची तपासणी केव्हाच झालेली, आता फक्त प्रमाणपत्र द्यायचं होतं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो.

प्रमाणपत्र देण्याआधी त्यावरचं नाव विद्यार्थ्याला वाचायला लावतात, मग रजिस्टरवर सही घेतात. नाव दहावीच्या आणि डिप्लोमाच्या कागदांवर असेल तेच येतं. बदलून हवं असेल तर राजपत्रात जाहीर करून घ्यावं लागतं, आणि तिने तसं केलं नव्हतं. त्यामुळे त्यावर माझं नाव कुठेच नव्हतं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. ते चौथी शिकलेले होते.

"वाचून बघा," मी रीतीप्रमाणे म्हणालो.

तिने ते मोठ्याने वाचलं. मागे ओमकार उभा होता, तो हसला. ती हसली नाही.

"बरोबर आसा," ती म्हणाली.

मी रजिस्टर तिच्यापुढे केलं. तिने माहेरच्या नावाने सही केली. लग्नाला एवढी वर्षं झाली, ती सही मी कधी बघितली नव्हती. वेलांटी मोठी, शेवटी आडवी रेघ, आमच्या घरातल्या सहीपेक्षा जास्त मोकळी. नियम असा आहे, की सही प्रवेशाच्या वेळच्या सहीशी ताडून बघायची. प्रवेशाचा अर्ज तिच्या फाइलमध्ये होता. पेडणेकरांनी ती टेबलावर उघडीच ठेवली होती. तीन वर्षांत ती फाइल मी पहिल्यांदा बघितली.

दोन्ही सह्या सारख्या होत्या. मी प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं.